तांबड्याचा गुलाल

नव्वदच्या दशकात मी नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मिलिंग मशीन चालवत होतो, आणि मला गाड्यांमधलं कळतं असा माझा पक्का समज होता. या समजाला आधार होता तो रद्दीच्या दुकानातून किलोवर आणलेल्या इंग्रजी मोटार-मासिकांचा. त्यातलं इंग्रजी मला निम्मं कळायचं. उरलेलं निम्मं मी चित्रांवरून जुळवायचो आणि जुळवलेलं जेवणाच्या सुट्टीत लोकांना सांगायचो. लोक ऐकून घ्यायचे, कारण डबा खाताना उठून जाता येत नाही.

एका वर्षी दिवाळीनंतर दौंड रस्त्याकडच्या एका माळावर मोटारींची शर्यत भरवायचं काही गॅरेजवाल्यांनी आणि हौशी मंडळींनी ठरवलं. कार्यक्रम साधा होता. माळावर फक्कीने वळणावळणाची वाट आखायची, कडेला जुने टायर मांडायचे, एकेका गाडीने दोन फेऱ्या मारायच्या आणि घड्याळ लावून वेळ मोजायची. बक्षीस म्हणून एक ढाल. बातमी कानावर आली त्याच दिवशी मी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर 'गाडी निवडणे' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. एखादी जुनी पण मुळात जातिवंत गाडी घ्यायची आणि तिच्यावर काम करून तिला शर्यतीची करायची, असा माझा बेत होता. पाया चांगला असला की वरचं सगळं जमतं, असं मासिकात लिहिलं होतं. निदान चित्रावरून मला तसं वाटलं होतं.

खरं कारण वेगळं होतं आणि ते वहीत लिहिलेलं नव्हतं. ते कारण म्हणजे माझे वडील. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात आणि आजूबाजूच्या आठ-दहा गावांत बैलांचे पारखी म्हणून त्यांचं नाव होतं. कुणाला बैल घ्यायचा असला की तो आधी आमच्या ओट्यावर येऊन चहा प्यायचा आणि मग दादांना घेऊन वाळकीच्या नाहीतर घोडेगावच्या बाजाराला जायचा. घरात पुढच्या खोलीत एक फोटो टांगलेला होता. माझ्या जन्माआधीचा, काळा-पांढरा. त्यात जवान दादा एका बैलाचा कासरा धरून उभे होते. बैल तांबडा होता असं आई सांगायची. फोटोत तो करडा दिसायचा, आणि त्याच्या पाठीवर, वशिंडावर गुलालाचे गडद डाग दिसायचे. लांबच्या कुठल्याशा गावच्या यात्रेत तो शर्यतीत पळाला होता. फोटोत गुलाल आहे म्हणजे बैल जिंकला, असं आमच्या घरात सगळेच धरून चालायचे. मीही.

अशा माणसाच्या मुलाने एकोणिसाव्या वर्षी एकट्याने बाजारात जाऊन बैल आणला होता. दादा तापाने पडले होते, नांगरट अडली होती, म्हणून मला पाठवलं. मी बाजारातला सगळ्यात देखणा बैल आणला. शिंगं अशी की बघत राहावं. दुसऱ्या दिवशी औताला जुंपला तर तो तिसऱ्या तासाला, म्हणजे नांगराच्या तिसऱ्या फेरीला, खाली बसला. उठवला, पुन्हा बसला. आठवडाभर तो शेतात बसत राहिला आणि लोक बांधावर उभे राहून बघत राहिले. दादा अंगावर घोंगडी घेऊन आले, बैलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुला जनावर कळत न्हाई." एवढंच. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांनी नाही काढला म्हणूनच तो माझ्या मनातून गेला नाही.

मला ढाल नको होती असं नाही. पण ढालीपेक्षा मला दादांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं: बरोबर निवडलीस. त्यासाठी दहा वर्षं थांबलो होतो. आणि पंचच सोबत नसेल तर निकाल कुणी द्यायचा, म्हणून गाडी बघायला निघताना मी दादांना बरोबर घेतलं. आपल्याला गाडीतलं काय कळतंय, असं ते म्हणाले, पण धोतर बदलून तयार झाले.

पहिल्यांदा खर्ड्याला एक जीप बघायला गेलो. जीपमध्ये इंजिन नव्हतं. ते पुढच्या महिन्यात येणार आहे असं मालक म्हणाला. आम्ही किल्ला बघून परत आलो.

मग पाथर्डीला. तिथे गुरांचे एक डॉक्टर निवृत्त होऊन मुलाकडे राहायला जाणार होते आणि त्यांना आपली गाडी काढायची होती. चार दारांची, मळकट पांढऱ्या रंगाची, सीटवर गोणपाट टाकलेली, आतमध्ये औषधांचा आणि शेणाचा मिळून वास. मी नाक मुरडलं. दादांनी मात्र बाजारात बैलाभोवती फिरावं तशी गाडीभोवती एक संथ चक्कर मारली. चारही टायरांवरून तळवा फिरवला. खाली वाकून जमिनीकडे बघितलं. मग बंद इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला आणि डॉक्टरांना गाडी चालू करायला सांगितली. किल्ली अर्धी फिरली तोच इंजिन लागलं. परत येताना एस.टी.त त्यांनी मला आपलं म्हणणं सांगितलं. चारी खूर सारखे झिजलेत, म्हणजे चाल सरळ आहे. खाली काही सांडत नाही. अंगाला गार होती आणि तरी हाकेसरशी उठली. डॉक्टरांनी तिला पोटच्या पोरीसारखी वागवली आहे. ही घे.

हे सगळं यंत्राच्या भाषेतही तंतोतंत खरं होतं, हे मला आज कळतं. टायर सारखे झिजणं, तेल न गळणं, थंड इंजिन लगेच लागणं, यापलीकडे जुन्या गाडीत काही बघायचं नसतं. पण तेव्हा मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात हसत होतो. खूर म्हणे. मी त्यांना कॉम्प्रेशन म्हणजे काय ते नगर येईपर्यंत समजावून सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. झोपले असावेत असं आता वाटतं.

तिसरी गाडी श्रीरामपूरला होती. एका बागायतदाराच्या मुलाची. तो पुण्याला शिकून आला होता आणि आता त्याचं लग्न ठरलं होतं, आणि मुलीकडच्यांना गाडीला चार दारं हवी होती. या गाडीला दोन होती. लालभडक. मागे पंखासारखी पट्टी, रुंद चाकं, चामडं गुंडाळलेलं छोटं स्टिअरिंग, जमिनीला टेकेल अशी बुटकी बैठक. मासिकातली गाडी कागदातून उतरून कडुलिंबाखाली उभी राहिल्यासारखं मला झालं. तसली गाडी अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नव्हती. तिचे सुटे भाग अख्ख्या जिल्ह्यात का मिळत नाहीत याचंही उत्तर त्यातच होतं, पण त्या दिवशी मला ते उत्तर नको होतं.

दादांनी चक्कर मारली. झाकणावर हात ठेवला आणि तिथेच ठेवून माझ्याकडे बघितलं.

"ऊन हाय," ते हळूच म्हणाले.

मी म्हटलं, उन्हात उभी आहे, तापणारच.

"गाडी सावलीत हाय," दादा म्हणाले.

बाजारात मरगळलेला बैल खपवायचा असला की व्यापारी त्याला सकाळीच दारू पाजतो आणि मग जनावर तासभर कान टवकारून उभं राहतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. आपण यायच्या आधी ही गाडी कुणीतरी बराच वेळ चालवून तापवून ठेवली आहे, गार असताना ती लवकर उठत नसणार, हे दादा मला सांगत होते. मला ते ऐकू आलं. समजलंही. आणि मी त्या क्षणी असा माणूस होतो की ज्याला समजून घ्यायचं नव्हतं. मी त्या छोट्या स्टिअरिंगमागे बसलो, समोरच्या आरशात स्वतःचा चेहरा बघितला आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मालकाच्या हातावर इसार ठेवला. इसार दिला म्हणजे शब्द दिला. परतीच्या वाटेवर दादांनी फक्त एकदा विचारलं, "तांबडीच आवडली का तुला?" मी म्हटलं, व्हय.

गाडी गावात आली तेव्हा शाळा सुटल्यासारखी गर्दी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चालू होईना, तेव्हा तीच गर्दी ढकलायला उपयोगी पडली.

मग मी तिला शर्यतीची करायला घेतलं. नगरमध्ये मार्केट यार्डाजवळ एका मिस्त्रीची शेड होती. सुट्टीचे सगळे दिवस मी तिथे काढले. मासिकाचा पहिला धडा होता वजन कमी करण्याचा. मी मागचं सीट काढलं, स्टेपनी काढली, खालचे गालिचे काढले, दारांची आतली अस्तरं काढली, पुढच्या डाव्या सीटची पाठ काढावी की काय यावर दोन दिवस विचार केला. मिस्त्री बिडी ओढत हे बघत होता. शेवटी तो म्हणाला, "सायेब, सीट काढन्यापरीस तुमीच महिनाभर भाकरी कमी खाल्ली आसती तर लवकर झालं आसतं." मला राग आला. त्या रात्री मी एक भाकरी कमी खाल्ली आणि ताटावरून उठताना पुन्हा मागितली.

स्प्रिंगा कापून गाडी आणखी खाली बसवली. त्यामुळे गावच्या रस्त्यावर तिचं पोट घासायला लागलं आणि मी येतोय हे आईला ओढ्यापलीकडूनच कळायला लागलं. सायलेन्सर बदलला, त्याच्या आवाजाने शेजारची म्हैस दूध चोरायला लागली अशी तक्रार आली. काढलेलं मागचं सीट आईने ओट्यावर मांडून घेतलं. त्यावर बसून ती शेंगा फोडायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची, गाडीत फकस्त हे एकच चांगलं निघालं.

दादा या सगळ्यापासून लांब होते. संध्याकाळी शेतावरून आले की गाडीभोवती एक चक्कर मारायचे आणि हात-पाय धुवायला जायचे. आज तरी काही म्हणतील म्हणून मी पान्हा हातात घेऊन उगीच खाली वाकायचो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मात्र ते येऊन ओट्यावरच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "उद्या तिला काय पाजनार हायस?"

मी म्हटलं, पेट्रोल.

"किती?"

टाकी जवळजवळ भरलेली होती. दादा म्हणाले, शर्यतीच्या दिवशी जनावराचं पोट रिकामं पाहिजे. आदल्या दुपारपासून वैरण तोडायची, सकाळी घोटभर पाणी, बस्स. भरल्या पोटाचा बैल पहिल्या झपाट्यालाच दमतो. आणि मी आनंदाने उडालोच, कारण मासिकातही हेच होतं. पेट्रोलला वजन असतं, शर्यतीपुरतंच टाकीत ठेवावं, हे मी चित्रावरून नव्हे, शब्दन् शब्द वाचलेलं होतं. दादा आणि मासिक यांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. दहा वर्षांत पहिल्यांदा मी आणि दादा एकाच बाजूला होतो. आता ही गोष्ट चुकणं शक्यच नव्हतं.

सकाळी आम्ही दोघांनी मिळून पेट्रोल काढलं. रबरी नळीने मी ओढलं, घोटभर माझ्या तोंडात गेलं, आणि नळी कॅनमध्ये दादांनी स्वतः धरली. किती ठेवायचं ते त्यांनीच टाकीवर बोटाने टिचकी मारून आवाजावरून सांगितलं. "ऱ्हाऊ दे एवढं. दोन फेऱ्याला लई झालं." माळापर्यंत जायचं आणि मग दोन फेऱ्या. मी मनात हिशोब केला, पुरत होतं. पेट्रोलचा कॅन घरी ओट्यावर ठेवला आणि निघालो. दादा इस्त्रीचं धोतर नेसून, फेटा बांधून शेजारच्या सीटवर बसले होते. त्या सीटची पाठ मी शेवटी काढली नव्हती, याचं मला बरं वाटलं.

माळावर बरीच गर्दी होती. भेळवाला होता, उसाचा रस होता. माइकवर कुस्त्यांच्या फडात बोलणारा माणूस आणलेला होता आणि तो गाड्यांनाही पैलवानच समजत होता. आमची लाल गाडी आली तशी लोकांनी वाट करून दिली. दिसायला तिच्यासारखी एकही नव्हती. बाकीच्या बहुतेक चार दारांच्या, पांढऱ्या आणि घरगुती होत्या. एकीच्या मागच्या काचेवर लहान मुलांची नावं होती. मी त्यांच्याकडे दयेने बघितलं.

माझी पाळी आली. निशाण खाली पडलं आणि गाडी निघाली, आणि मी खोटं का बोलू, पहिलं वळण आणि त्यापुढची सरळ वाट हे माझ्या आयुष्यातले अतिशय सुखाचे क्षण होते. खाली माळ कडकडत होता, सायलेन्सर बोंबलत होता, माइकवाला काहीतरी चांगलं म्हणत होता. दुसरं वळण डावीकडे होतं. तिथे गाडी कलली, खोकली, पुन्हा निघाली, पुन्हा खोकली, आणि माळाच्या बरोबर मधोमध, सगळ्यांना नीट दिसेल अशा जागी, थांबली.

मग धूळ खाली बसली.

झालं ते असं होतं. टाकी जुनी होती आणि तळाशी वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ साचला होता. टाकी भरलेली असेपर्यंत तो गप्प पडून राहायचा. आम्ही पोट रिकामं केलं, वळणावर उरलंसुरलं पेट्रोल एका कडेला सरकलं, आणि नळीने तळातला सगळा चिखल ओढून इंजिनाच्या घशात घातला. हे मिस्त्रीने नंतर सांगितलं. त्या वेळी मी फक्त किल्ली फिरवत होतो. माइकवाला म्हणाला, तांबड्या पैलवानाने बैठक मारलेली आहे, मंडळींनी टाळ्या वाजवून धीर द्यावा. मंडळींनी दिला. आणि बसलेल्या त्या गाडीत बसून मला औतातला तो देखणा बैल आठवला, बांधावरची माणसं आठवली. तेव्हा तरी मी बांधावर होतो. आता जनावराच्या पोटातच होतो.

चौघांनी ढकलून गाडी कडेला बाभळीखाली आणली. ज्या गाडीच्या काचेवर मुलांची नावं होती तिने ढाल नेली.

दादा माळ ओलांडून चालत आले. घाई न करता, धोतराचा सोगा हातात धरून. मी बॉनेटला टेकून उभा होतो. ते काय म्हणणार ते मला पाठ होतं, आणि ते म्हणायच्या आधी आपणच म्हणून टाकावं असं वाटलं.

"दादा, तुमचंच बरोबर हुतं. पांढरी घ्यायला पायजे हुती. मला न्हाई कळत."

ते बाभळीच्या सावलीत उकिडवे बसले.

"पोट लई रिकामं ठिवलं आपन," ते म्हणाले.

आपन. मी तो शब्द मनात पुन्हा एकदा म्हणून बघितला.

मग त्यांनी बंडीच्या खिशातून वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी काढली. ती घडीवर घडी करून इतकी दाबून ठेवलेली होती की सकाळपासून त्यांच्या छातीशी असणार. पुडी सोडली. आत गुलाल होता. त्यांनी चिमूट नाही, मूठ भरून घेतला, उठले आणि बॉनेटवर, टपावर, मागच्या त्या पट्टीवर हात फिरवून लावला, बैलाच्या पाठीवर लावतात तसा. लोक बघत होते. मला लाज वाटली, ती माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी.

"दादा, आपण शेवटचे आलो."

"फोटोतला तांबडाबी शेवटचाच आल्ता," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी हात झटकत झटकत सांगितलं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी बाजारातून सगळ्यात देखणा बैल आणला होता. त्यांच्या वडिलांनी दुसरा सुचवला होता, मळकट पांढरा, तो त्यांनी घेतला नाही. तांबडा यात्रेत निम्म्या वाटेत फुटला आणि गर्दीत शिरला. सोबत घरून नेलेला गुलाल होता. तो परत कसा न्यायचा, आणि नवीन बायकोला काय सांगायचं, म्हणून त्यांनी तो बैलाला लावला आणि फोटोवाला समोर दिसला तर फोटोही काढून घेतला. बैल पारखायला ते शिकले ते त्यानंतर.

"मग इतकी वर्षं सांगितलं का न्हाई?"

"कुनी इचारलंच न्हाई," दादा म्हणाले. मग गाडीकडे बघून म्हणाले, "पर पळत हुती तवर लई भारी पळत हुती."

बरोबर निवडलीस, असं ते म्हणाले नाहीत. पुढेही कधी म्हणाले नाहीत. पण मला ते आता नको होतं. मला त्यांच्याकडून पाहिजे होतं त्यापेक्षा जास्त त्यांनी त्या बाभळीखाली दिलं होतं, आणि ते घेताना मी रडलो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. धूळ डोळ्यात गेली असं तेव्हा सांगितलं होतं.

एका ट्रॅक्टरला दोर बांधून आम्ही गाडी घरी आणली. आई ओट्यावर, मागच्या सीटवर बसून शेंगा फोडत होती. लाल रंगावर गुलाल लांबून दिसत नव्हता. जवळ आल्यावर तिला तो दिसला आणि ती हातातली शेंग टाकून उभी राहिली.

"जिकली व्हय?" तिने विचारलं.

दादांनी माझ्याकडे बघितलं नाही. पायातल्या वहाणा काढल्या, ओट्यावर चढले आणि तिच्या शेजारी सीटवर बसले.

"गुलाल लावलाय की," ते म्हणाले.

आई आरतीचं ताट आणायला आत गेली. दादा थोडे सरकले आणि मी त्यांच्या शेजारी बसलो.